पॅराडाइज लॉस्टचा 'असेन्शन': काही महिने ऐकल्यावर

१९ सप्टेंबर २०२५ ला पॅराडाइज लॉस्ट या ब्रिटिश मेटल बँडचा 'असेन्शन' हा अल्बम आला तेव्हापासून तो सतत ऐकतो आहे. पहिल्या आठवड्यात आवडला होता, आज त्याहून जास्त आवडतो, पण आवडती गाणी पार बदलली. सुरुवातीला 'सायलेन्स लाइक द ग्रेव्ह' पुन्हापुन्हा लावायचो. चटकन तोंडात बसतं आणि थेट १९९३ च्या 'आयकॉन'कडे नेतं. बँडने २०२३ मध्ये तो जुना अल्बम नव्याने रेकॉर्ड केला होता, त्याची सावली इथे स्पष्ट दिसते. आता मात्र मुद्दाम लावतो ती संथ गाणी: 'साल्व्हेशन', 'ले अ रीथ अपॉन द वर्ल्ड' आणि शेवटचं 'द प्रेसिपिस'.

या गाण्यांमध्ये ग्रेग मॅकिन्टॉशची लीड गिटार जड रिफच्या (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या) वर विलाप करत राहते. १९९१ च्या 'गॉथिक' अल्बमपासून हाच या बँडचा खरा आवाज आहे. निर्मितीही यावेळी त्याचीच आहे, त्यामुळे लीडला भरपूर जागा मिळाली आहे. गायक निक होम्सने ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, अनेक वर्षं सोडून दिला होता, २०१५ च्या 'द प्लेग विदिन'मध्ये तो परत आणला. इथे ग्रोल आणि खर्जातला स्वच्छ आवाज एकाच गाण्यात येतात आणि कुठेच जोड दिसत नाही.

आता या अल्बममधल्या अंधाराबद्दल. मुखपृष्ठावर जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या व्हिक्टोरियन चित्रकाराचं 'द कोर्ट ऑफ डेथ' आहे. सिंहासनावर मृत्यू, मांडीवर तान्हं मूल, समोर योद्धा तलवार ठेवतो आहे, उमराव आपला मुकुट. गरिबांच्या दफनभूमीतल्या प्रार्थनागृहासाठी वॉट्सने हे चित्र योजलं होतं. हे कळल्यावर अल्बम मला वेगळाच ऐकू येऊ लागला. इथे भुतंखेतं, रक्त, सैतान असं काही घाबरवणारं नाही. श्रद्धा, सत्ता, पश्चात्ताप, सगळं घेऊन माणूस त्या सिंहासनासमोर येतो, आणि गाणी त्याच्याशी क्रूरपणे वागत नाहीत. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या या मुलांनी १९८८ मध्ये बँड काढला तेव्हा कॅन्डलमास या स्वीडिश बँडचं डूम, म्हणजे संथ, जड मेटल, त्यांच्या कानात होतं, आणि शेजारच्या लीड्समधून सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचा गॉथ रॉक, म्हणजे उदास, काळोखी रॉक, येत होता. दोन्ही धागे इतक्या वर्षांनंतरही शाबूत आहेत. 'टायरंट्स सेरेनेड'मध्ये दुसरा जास्त ऐकू येतो.

'डिसीव्हर्स' हे गाणं माझ्या मनापर्यंत अजून पोचलेलं नाही. बांधणी नीट आहे, पण मन लागत नाही.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, स्टीव्ह एडमंडसनचा बेस पूर्ण गायब होतो आणि संथ गाणी पोकळ वाटतात. चांगले हेडफोन घ्या. जुन्या चाहत्यांनी 'सर्पंट ऑन द क्रॉस'पासून क्रमाने जावं. बँड तुमच्यासाठी नवीन असेल तर आधी 'टायरंट्स सेरेनेड' ऐका, 'साल्व्हेशन'ची घाई करू नका.