३०० जीएसएम ग्लॉस आर्ट कार्डवर टोनरची पकड: तीन महिन्यांच्या वापरानंतर

पाकिटावर ‘डिजिटल छपाईसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे पुस्तिकांच्या मुखपृष्ठांसाठी मी हे ३०० जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) चकचकीत लेपाचे ग्लॉस आर्ट कार्ड निवडले. त्याची शुभ्रता उत्तम आहे, पृष्ठभाग एकसारखा आहे आणि ट्रेमधून शीट विनातक्रार उचलली जाते. टोनरच्या, म्हणजे उष्णतेने वितळून कागदावर बसणाऱ्या रंगाच्या भुकटीच्या, पकडीने मात्र पहिल्याच कामात मला अडचणीत आणले, म्हणून या अभिप्रायाचा मोठा भाग त्याविषयीच आहे.

गडद निळ्या सॉलिडचे (सलग भरीव रंगाचे) मुखपृष्ठ छापताना पहिल्या आठ-दहा शीटवरचा टोनर पक्का बसला होता; पुढच्या शीटवर मात्र, विशेषतः मशीनमधून शेवटी बाहेर येणाऱ्या कडेजवळ, नखाने हलके खरवडताच तो पांढरी रेघ सोडून निघू लागला. हा क्रम फार बोलका असतो. दोष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसला असता तर फ्युजरच्या (टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या) रोलरवर संशय घेता आला असता, आणि मधूनच एखाद्या शीटवर दिसला असता तर ओलाव्याकडे किंवा कटिंगच्या भुकटीकडे पाहावे लागले असते. सुरुवात चांगली आणि पुढे पकड कच्ची, याचा अर्थ जाड शीट फ्युजरची उष्णता ओढून घेत होती आणि ती भरून निघायला वेळ मिळत नव्हता. खात्रीसाठी तीच फाइल १०० जीएसएमच्या साध्या कागदावर काढली, तेव्हा चिकटपट्टी लावून ओढली तरी रंग हलला नाही.

साध्या कागदाच्या तंतूंमध्ये वितळलेला टोनर थोडासा रुततो. अशा कोटेड, म्हणजे लेप दिलेल्या, कागदावर केओलिन आणि कॅल्शियम कार्बोनेट यांच्या थराने ती छिद्रे बुजलेली असल्याने त्याला जवळजवळ पृष्ठभागाच्याच आधारावर टिकावे लागते, आणि म्हणूनच तो पुरता वितळला नाही तर कमतरता इथे लगेच उघडी पडते.

ट्रेच्या सेटिंगमध्ये आधीच्या कामाचे २०० जीएसएम तसेच राहिले होते, ही चूक माझी. परंतु ३०० जीएसएम कोटेड हे योग्य सेटिंग लावल्यावरही सॉलिडच्या शेवटच्या कडेला चिकटपट्टीबरोबर थोडा रंग येतच होता. मशीनमधील त्यापुढचा जाड कागदाचा वर्ग निवडल्यावर, म्हणजे शीटची गती कमी होऊन फ्युजरखाली तिला अधिक वेळ मिळाल्यावर, दोष पूर्ण गेला. पाकिटावर सुचवलेले सेटिंग या कागदाला गडद सॉलिडसाठी अपुरे पडते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शिवाय या वर्गात छपाईचा वेग बराच उतरतो; घाईच्या कामाचा शब्द देताना तो हिशेबात धरावा.

उष्णता वाढवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. कागदात ओलावा असेल तर त्याची वाफ दोन्ही बाजूंच्या लेपामुळे आत अडकते आणि पृष्ठभागावर बारीक फोड उठतात. उघड्या राहिलेल्या एका पाकिटातील शीटवर मला ते दिसले. तेव्हापासून नवे पाकीट न फोडता किमान २४ तास मशीनच्याच खोलीत ठेवतो आणि उरलेल्या शीट पुन्हा वेष्टनात गुंडाळतो. फोड पुन्हा आलेले नाहीत.

माझी खरी नाराजी घडीबाबत आहे. पाकिटावर ग्रेनची, म्हणजे कागदातील तंतूंची, दिशा छापलेली नाही, त्यामुळे दर वेळी एक शीट दोन्ही दिशांनी वाकवून ती ओळखावी लागते. घडी ग्रेनला समांतर ठेवून आधी क्रीझिंग केले (घडीच्या जागी दाबून खाच पाडली) तर फिकट रंग व्यवस्थित टिकतात, पण गडद सॉलिडवर घडीच्या रेषेत टोनर तडकतोच, आणि तो सेटिंग बदलून थांबत नाही. अशा मुखपृष्ठांवर मी आता लॅमिनेशन करून मगच क्रीझिंग करतो.

भेटकार्डे, प्रमाणपत्रे आणि घडी नसलेली मुखपृष्ठे यांसाठी मी हाच कागद पुन्हा घेईन. लॅमिनेशनविना घडीच्या गडद कामासाठी मात्र घेणार नाही.