सोलरचं गरम, पंपाचं गार आणि मिक्सर एकच – कोथरूडमधल्या एका प्लंबिंग सर्व्हिसचा अनुभव

ज्यांच्याकडे गरम पाणी टेरेसवरच्या सोलरमधून येतं आणि गारच्या लाईनला प्रेशर पंप आहे त्यांनी सिंगल लिव्हर डायव्हर्टर (एकाच दांडीने गरम-गार मिसळणारा शॉवरचा मिक्सर) घ्यायच्या आधी प्लीज हे वाचा. आमचा फ्लॅट टॉप फ्लोअरला, सोलरची टाकी शॉवरच्या जेमतेम अडीच-तीन मीटर वर, दहा मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं म्हणजे आमच्या गरमला पाव बार धरा, आणि गारला पंपामुळे दीडच्या वर. रिनोव्हेशनवाल्या प्लंबरने दोन्ही लाईनी तशाच मिक्सरला जोडल्या. लिव्हर पूर्ण गरमकडे असेल तरच गरम, जरा मधे आणला की गारढोण, आणि तेवढ्यात पंपाचं पाणी मिक्सरमधूनच गरमच्या लाईनीत उलटं चढायचं, किचनच्या गरम नळाला गार पाणी आणि वर सोलरच्या व्हेंट पाइपातून (हवा-वाफ बाहेर जायचा उघडा पाईप) धार. लाईट गेली की उलटंच, गारचा जोर एकदम पडायचा. मे महिन्यात सोलरचं पाणी ७० डिग्रीला सहज जातं, त्यामुळे आई अंघोळीला गेली की माझं सगळं लक्ष बाथरूमच्या दाराकडे.

मग कोथरूडमधल्या सॅनिटरीच्या दुकानातून दुसरे प्लंबर दादा आले. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी टाईलला हात लावायच्या आधी बादली मागितली. आधी गार, मग गरम, दोन्ही मोबाईलवर वेळ लावून भरून बघितलं, गरमला चौपटीहून जास्त वेळ लागला. "मिक्सर चांगलाय ताई, तो बदलून काही होणार नाही, आधी दोन्ही पाणी एका जोरावर आणू." गरमला पण पंप लावा म्हणलं तर म्हणाले लावता येतो, पण गरम पाण्याला चालणारा हवा आणि तो सोलरच्या आऊटलेटला, इनलेटला कधीच नाही, कारण साधी सोलरची टाकी प्रेशरसाठी बनवलेली नसते. आम्ही स्वस्तातला उपाय घेतला, पंपाच्या आधीच टी (पाईपचा तीन तोंडांचा जोड) मारून टेरेसवरच्या गार पाण्याच्या टाकीतून वेगळी लाईन फक्त या बाथरूमला. फ्लश आणि बाकीचे नळ पंपावरच.

शिवाय मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. गरमच्या बाजूला स्प्रिंगचा टाळून झडपेचा घातला, कारण स्प्रिंग उघडायलाच थोडं प्रेशर खर्च होतं आणि आमच्याकडे तेच कमी. झडपेचा आडवा बसवावा लागतो, बाणाची दिशा त्यांनी मला दाखवून मग पाईप चिकटवला.

आता लिव्हर मधे ठेवला की खरंच कोमट पाणी येतं आणि लाईट गेली तरी फरक पडत नाही. धार मात्र जोरदार नाही, मोठा रेन शॉवर काढून लहान लावावा लागला, ज्यांना हॉटेलसारखा शॉवर हवाय त्यांना दोन्हीकडे पंपाशिवाय पर्याय नाही. साधा स्टोरेज गिझर असेल आणि त्याला पाणी त्याच पंपाच्या लाईनीतून जात असेल तर हा त्रास सहसा होत नाही, फक्त गिझर किती बारचा आहे ते बघा.

तक्रार एकच, सांगितलेल्या वेळेला आले नाहीत आणि सिमेंटचा राडा आम्हालाच उचलावा लागला. तरी पाचपैकी साडेचार. जाणार असाल तर टेरेसवरच्या टाकीचे आणि पंपाच्या जोडणीचे फोटो काढून न्या, पंपाच्या आधी टी मारायला जागा आहे का ते दुकानातच कळतं.