रंगवलेली फौज मागवली, हातात आलं नकली रेझिन

१,२६२ पौंड गेले. स्पर्धेची ४५ पौंडांची फी त्यात धरलेली नाही. तीन महिने बायकोशिवाय ओळखीतल्या कुणाजवळ बोललो नाही, लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात मला खेळाची फौज रंगवून देणारा तोच माणूस नाव बदलून पुन्हा ऑर्डरी घेताना दिसला आणि गप्प बसवेना. इंग्लंडात, युरोपात हा खेळ खेळणारी आपली बरीच मराठी मुलं आहेत. निदान त्यांनी तरी हे वाचावं.

मी लेस्टरला राहतो, मूळचा सांगलीचा. सात वर्षं वॉरहॅमर ४०,००० खेळतोय, छोट्या सैनिकांच्या मॉडेलांची फौज टेबलावर मांडून खेळायचा युद्धाचा खेळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डावाचे जास्तीत जास्त गुण १००, आणि त्यातले १० फौज रंगवलेली असली तरच मिळतात. २०२० च्या नवव्या आवृत्तीपासून हा नियम आहे. त्याला म्हणतात 'बॅटल रेडी'. मॉडेलच्या सगळ्या मुख्य भागांवर रंग हवा आणि पायाखालचा बेसही सजवलेला हवा, नुसता काळा सोडून चालत नाही. तुल्यबळ खेळाडू समोर असताना १० गुण सोडायचे म्हणजे डाव सोडल्यातच जमा.

मग स्वतः का नाही रंगवलीस, असं विचाराल. आधीच्या दोन्ही फौजा मीच रंगवल्या आहेत. या जानेवारीत उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. मॉडेलच्या खांद्याच्या कडेवरून केसाएवढी फिकट रेघ ओढायची तर हात स्थिर लागतो, आणि मला चहाचा कप उचलता येत नव्हता. मेमध्ये नॉटिंगहॅमची स्पर्धा होती, नाव आधीच नोंदवलेलं. पैसे देऊन फौज रंगवून घेणं यात गैर काहीच नाही, शेकडो लोक घेतात. मी काही हावरटपणा केला नव्हता.

एका रंगवणाऱ्याशी भाव ठरला १,३०० पौंड. २,००० पॉइंटची (हे फौजेच्या ताकदीचे, डावाचे गुण वेगळे) स्पेस मरीनची, म्हणजे चिलखती अंतराळ-सैनिकांची फौज, निळी, 'बॅटल रेडी'च्या वरच्या म्हणजे 'परेड रेडी' दर्जाची. "मॉडेलं मीच घेतो, मला दुकानाची सूट मिळते, बंद पेट्या फोडूनच काम सुरू करीन," हे त्याचं वाक्य माझ्याकडे लेखी आहे. सगळी गोम याच वाक्यात होती. मॉडेलं रंगवणाऱ्याला विकत घेऊ देऊ नका. पेट्या स्वतः घ्या आणि त्याच्याकडे पाठवा. टपालाचे वीस-पंचवीस पौंड जास्त गेले तर जाऊ देत.

मग तो म्हणाला, "थेट बँकेतून पाठवलेस तर ६० पौंड कमी." मी १,२४० वर तयार झालो. फेब्रुवारीत ३१० दिले, अर्धवट कामाचे फोटो आले तेव्हा आणखी ३१०. क्रेडिट कार्डाने दिले असते तर इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ लागू झालं असतं. १०० पौंडांवरच्या खरेदीत विकणाऱ्याने फसवलं तर कार्ड देणारी कंपनीही भरपाईला बांधील असते. ६० पौंड वाचवायला मी ते कवच स्वतःच्या हाताने काढून ठेवलं.

आता ती वेळ सांगतो, जी आठवली की अजून झोप उडते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिला खोका आला, दहा इंटरसेसर, म्हणजे बंदूकधारी स्पेस मरीन. समोरून छान दिसत होते. एकाचा हात बंदुकीसकट निखळून कापसात पडला होता. प्रवासात असं होतं, म्हणून प्लास्टिकचा गोंद काढला, थेंब लावला, दाबून धरला. अर्ध्या तासाने हात पुन्हा खाली. पुन्हा लावला, पुन्हा पडला. हा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक वितळवून दोन तुकडे एकजीव करतो. रेझिनवर, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेवर, त्याचा काही परिणाम होत नाही. शाळकरी वयात विमानाचं एखादं मॉडेल जोडलेल्या पोरालाही हे माहीत असतं. मला तर होतंच. दिव्याखाली धरून पाहिलं. छातीवरच्या गरुडाची पिसं एकमेकांत मिसळलेली, आणि गुडघ्यावर खसखशीएवढं भोक. साच्यात हवा अडकली की पडतं तसलं. खऱ्या प्लास्टिकच्या मॉडेलात असलं भोक कधीच नसतं.

मी त्याला विचारलं. म्हणाला, "प्रायमरखाली (रंगाआधीच्या अस्तराखाली) धूळ अडकली असेल, वॉर्निशचा आणखी एक हात दिला की दिसणार नाही." आणि मी सैनिकाचा तो निखळलेला हात सुपरग्लूने चिकटवून टाकला.

बायको म्हणाली, "अरे, उरलेला माल येऊ दे की, मग दे पैसे." मी म्हटलं, स्पर्धेला पाच आठवडे उरलेत, आता त्याला दुखावलं तर काम अडकेल. त्याच रात्री ६२० पौंड आणि टपालाचे २२ पाठवले. निम्म्याहून जास्त रक्कम मी संशय आल्यानंतर दिली आहे. एकदा जरी शंका आली तर पुढचा हप्ता थांबवा. तारीख जवळ आहे म्हणून कुणी घाई करत असेल तर स्पर्धा सोडा.

दुसरा खोका आला स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी, तेही बहुतेक ठरवूनच. पुढून रंग ठीक, मागे कमरपट्ट्याच्या पिशव्यांना नुसता निळा फवारा. शुक्रवारी रात्री दोनपर्यंत बसून, दुखऱ्या हाताने, त्या मी तपकिरी केल्या.

शनिवारी सकाळी तपासणीच्या टेबलावर पंचांनी मोठा ड्रेडनॉट, म्हणजे फौजेतला चालता यंत्र-योद्धा, उचलला आणि उलटा केला. कंपनीचे बेस खालून पोकळ असतात, हा पूर्ण भरीव होता. त्यांनी नखाने आतली कड खरवडली, पांढरी भुकटी पडली. मग इंटरसेसर पाहिले, एकेक करून, सगळे. स्पर्धेचा नियम स्वच्छ होता: मूळ कंपनीचीच मॉडेलं, नकली ओतीव नाहीत, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली नाहीत. ५३ पैकी ५३ बाद. मागे रांग उभी होती. पंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच स्वस्तातला चोरीचा माल उचलून आणलाय. पहिल्या फेरीतला माझा प्रतिस्पर्धी टेबल मांडून बसला होता. त्याच्याशी हात मिळवला, माफी मागितली आणि सव्वादहाच्या गाडीने परतलो.

पंचांचा राग नाही, त्यांचं बरोबरच होतं. राग आहे तो त्यानंतरच्या लोकांचा. बँकेला फोन केला, चाळीस मिनिटं नुसतं संगीत. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे, ८५,००० पौंडांपर्यंत, बँकांनी परत द्यायचे. मी तोच नियम वाचून दाखवला. उत्तर: "तुम्हाला वस्तू मिळाली आहे, हा दोघांमधला दिवाणी वाद आहे, तो यात बसत नाही." नकली माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा नवीन माणूस, तिन्ही वेळा पहिल्यापासून कहाणी. पोलिसांनीही हेच सांगितलं, दिवाणी बाब, ऑनलाइन तक्रार भरा. भरली. एक क्रमांक मिळाला आणि सहा आठवड्यांनी ईमेल, पुढे तपास होणार नाही. मी सोळा फोटो, सगळे मेसेज, बँकेचे तीन व्यवहार जोडले होते. एकही प्रश्न कुणी विचारला नाही! ग्राहक सल्ल्यावाल्या बाई निदान नीट बोलल्या. म्हणाल्या, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा, १०,००० पौंडांपर्यंत चालतं. पण दावा कुणावर लावू? त्याचा पत्ता म्हणजे पार्सलं घेणाऱ्या दुकानातली भाड्याची पेटी निघाली. स्पर्धेच्या आयोजकांना म्हटलं, खेळाडूंना सावध करणारा मेल तरी पाठवा. "आम्ही कुणाचं नाव घेऊ शकत नाही." प्रत्येकाने हात झटकले, आणि तो माणूस मोकळा.

फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुणाचा आहे हे शोधायचं मला घरी आल्यावर सुचलं. त्याने कामाचे नमुने म्हणून दाखवलेला ड्रेडनॉट दुसऱ्याच देशातल्या एका कलाकाराचा होता, चार वर्षांपूर्वीचा. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हे पैसे देण्याआधी करा. आणि फोटोवर थांबू नका, व्हिडिओ कॉलवर स्प्रूला, म्हणजे पेटीतून येणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीला, लागलेले तुकडे दाखवायला लावा. "सगळे कापून झालेत" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

ती ५३ मॉडेलं पलंगाखाली आहेत. एकाने १५० पौंड देऊ केले. नाही विकली. ती पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात खरी म्हणून पडणार.

नव्या नावाने तो आता हिरव्या ऑर्क राक्षसांच्या फौजांच्या ऑर्डरी घेतोय, भाव ९०० पौंडांपासून. नाव उद्या पुन्हा बदलेल, पण टेबल तेच आहे. मला आलेल्या अर्धवट कामाच्या फोटोंत खाली हिरवी कटिंग मॅट होती, डाव्या कोपऱ्यात इस्त्रीचं टोक टेकल्यासारखा तपकिरी, त्रिकोणी जळका डाग. परवाच्या जाहिरातीतही तोच डाग आहे. तुम्हाला आलेल्या फोटोत तो दिसला तर एक पेनीही पाठवू नका.