गाडी ओढत नाही: आधी टायमिंग बघायचं की थेट हाफ इंजिन करायचं?

चढाला गाडी मरते, पिकअप गेलाय, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि गॅरेजवाला म्हणतोय हाफ इंजिन (म्हणजे इंजिनचा वरचा अर्धा भाग, बोअर-पिस्टन-हेड, उघडून काम) करावं लागेल, अशा ठिकाणी अडकला असाल तर हो म्हणायच्या आधी हे वाचा, कारण मी गरज नसलेलं बोअर-पिस्टन करून बसलोय. माझ्या 100 सीसी गाडीची टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी; क्रँक आणि कॅमचा मेळ म्हणजेच टायमिंग) वाजायची म्हणून बदलून घेतली, घरी येतानाच गाडी जड लागली, खंबाटकीत जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे दुसरा टाकावा लागला. परत नेली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी निघालं म्हणून बोअर झालं, आणि फरक शून्य, कारण हेड बसवताना तीच चूक परत झाली होती. कॅमचा दात एक घर मागे होता.

म्हणून कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी पहिला प्रश्न स्वतःला विचारा, हे कधीपासून होतंय. रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह सीट हे सगळं हळूहळू झिजतं, सहा महिने वर्षभर गाडी थोडी थोडी उतरत जाते आणि आपल्याला कळतही नाही. टायमिंग तसं नाही, ते बहुतेक वेळा काम झाल्यावर त्याच दिवशी चुकलेलं असतं, नाहीतर चेन सैल होऊन किंवा टेन्शनर मेल्यामुळे दात उडी मारतो आणि त्याच्या आधी बरेच दिवस चेनचा खडखडाट चालू असतो. एवढ्या एका प्रश्नावर अर्धा निकाल लागतो.

आता लक्षणं शेजारी शेजारी ठेवून बघू. रिंगा गेल्या असतील तर सायलेन्सरला निळसर धूर, ऑइल कमी होत जाणं, प्लग काढला की तेलकट काळा. टायमिंग चुकलंय त्यात धूर नाही, ऑइल जागेवर, पण किक जास्त माराव्या लागतात. कॅम मागे राहिला तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना भरलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतो, म्हणून खालच्या आरपीएमला दमच नाही आणि कधीकधी कार्बोरेटरमधून फट असा आवाज. कॅम पुढे गेला तर उलटं, खाली बरी चालते पण वरच्या स्पीडला गुदमरते. एक दात म्हणजे किती हे कळावं म्हणून हिशोब सांगतो, समजा कॅमच्या गिअरला 34 दात आहेत तर एक दात म्हणजे कॅमवर साधारण 10.6 अंश, आणि क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणजे क्रँकच्या हिशोबात 21 अंश. हे थोडं नाहीये.

कार्बोरेटर यातून लगेच वेगळा काढता येतो. चालू गाडीत चोक थोडा ओढला आणि गाडी सुधारली तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोकअप आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या मॅनिफोल्डला बाहेरची हवा घेतेय, टायमिंग चुकलेलं इंजिन चोकने सुधरत नाही. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो आणि स्पीड चढत नाही, ब्रेक न दाबताही चाकाला धरून राहत असेल तर मेन स्टँडवर चाक फिरवून बघा. ही दोन कामं फुकटात होतात तरी लोक विसरतात.

खरा घोळ होतो कॉम्प्रेशन गेजमुळे, मीही तिथेच फसलो. गेज फक्त सांगतो दाब कमी आहे, का कमी आहे ते सांगत नाही. झिजलेली रिंग, गळका व्हॉल्व्ह आणि उशिरा बंद होणारा चांगला व्हॉल्व्ह, तिघांत काटा खालीच दिसतो. (आणि किक मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ओढलेला पाहिजे, नाहीतर चांगलं इंजिनही कमी दाखवतं.) प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, काटा चांगला चढला तर रिंगा. नाही चढला तर लीक टेस्ट करून घ्या, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला ठेवून, गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून, कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुस्स तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, ब्रीदरच्या नळीतून जोरात तर रिंगा. आणि हवा नीट धरली जातेय तरी किकवर कॉम्प्रेशन कमी, तर बोअर उघडू देऊ नका, आधी टायमिंग मार्क बघायला लावा. माझ्या केसमध्ये एवढं कोणी केलं असतं तर बोअरचा खर्च वाचला असता.

मार्क बघायला हेड उघडावं लागत नाही, बहुतेक 100-125 गाड्यांत मॅग्नेट कव्हरवरच्या दोन टोप्या आणि हेडवरचं गोल झाकण काढलं की झालं. क्रँक इंजिन फिरतं त्याच दिशेने पान्याने फिरवायचा, मॅग्नेटवर टी चा मार्क जुळवायचा (एफ नाही, तो स्पार्कचा), मग कॅमच्या गिअरची खूण हेडच्या खाचेसमोर येते का बघायचं. मार्क पुढे गेला म्हणून उलटं फिरवून जुळवू नका, चेनचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला येतो आणि खोटा मार्क दिसतो, माझ्याकडे बहुतेक हेच झालं होतं. अर्ध्या दाताएवढा फरक दिसला तर चेन लांबलीय, ती बदलायची. पूर्ण दात असेल आणि चेन-टेन्शनर चांगले असतील तर फक्त बसवणी चुकलीय, पार्टचा खर्च नाही. परत बसवल्यावर किक मारायच्या आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि मार्क परत बघा, कुठे अडकला तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असू शकतो.

त्याच वेळी टॅपेटही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघून घ्या, इंजिन थंड असताना. टकटक वाजणाऱ्या टॅपेटची सगळ्यांना काळजी, पण टाइट झालेला वाजत नाही आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, तेव्हा गाडी थंडीत छान आणि गरम झाली की मरते. हे टायमिंगपेक्षा जास्त गाड्यांत असतं.

बीएस 6 एफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर चेक इंजिन लाइट लागली नाही म्हणून टायमिंग बरोबर आहे असं धरू नका, बऱ्याच छोट्या गाड्यांना कॅमचा सेन्सरच नसतो. आणि जुनी लोखंडी बुलेट असेल तर तिथे टायमिंग चेनच नाही, गिअर आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे दांडे) आहेत, त्यामुळे दात उडण्याचा प्रश्न नाही, साइड कव्हर उघडून गिअर परत बसवले असतील तरच मार्क चुकतात.