साताऱ्यातलं एक बालरुग्णालय: सिस्टरांच्या कामाला पैकीच्या पैकी गुण

नातू चार महिन्यांचा. थंडीत आधी सर्दी झाली, मग दूध ओढताना दमायला लागला. दोन घोट घेऊन सोडून द्यायचा. फासळ्यांखाली खड्डा पडत होता, पोट उडत होतं. रुग्णालयात नेल्यावर ब्रॉन्किओलायटिस निघाला. हा दोन वर्षांखालच्या बाळांना विषाणूमुळे होतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. श्वास आणि दूध सांभाळायचं, बाळ आपलं आपण सावरतं. ते सांभाळणं रात्रंदिवस सिस्टरांच्या हातात असतं, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे.

पहिली गोष्ट नाकाची. एवढं लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूधही बंद. सिस्टर दर वेळी पाजण्याआधी सलाईनचे थेंब टाकून सक्शन करायच्या, म्हणजे नळीने शेंबूड ओढून काढायच्या. पाजल्यावर लगेच कधीच नाही, उलटी होते म्हणून. नळी नाकपुडीच्या तोंडाशीच, आत खोल नाही. बाळ रडलं की सुनेला बघवत नव्हतं, तर सिस्टरने तिलाच डोकं धरायला लावलं. "ताई, तुमचा हात लागला की तो लवकर शांत होतो."

मॉनिटर लावलेला असूनही त्या झबलं वर करून, घड्याळ बघत, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे पाव मिनिट मोजून चारने गुणलं तर चुकतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्या आरोग्यदूतांना श्वास मोजूनच न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, ते इथे डोळ्यांनी पाहिलं. श्वास 60 च्या वर गेला तेव्हा तोंडाने पाजणं थांबवलं, ठसका लागून दूध श्वासनळीत जाऊ नये म्हणून. सुनेचं काढलेलं दूध नाकातून पोटात घातलेल्या नळीने दिलं. सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही. धाप कमी झाल्यावर आधी बोंडल्याने थोडं थोडं, मग अंगावर.

पायाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब त्या मधून मधून दुसऱ्या पायाला बदलायच्या. गालावरच्या चिकटपट्टीखाली कातडी लाल झाली का, तेही बघायच्या. ताप, औषध, लंगोट सगळं एकदम उरकून बाळाला सलग झोपू द्यायच्या. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. धापेतल्या बाळाला सारखं उठवलं की ते आणखी दमतं.

छातीला बाम आणि धुरी, दोन्ही बंद करायला सांगितलं. बामातला कापूर तान्ह्या बाळाला घातक, धूर तर आजारी फुप्फुसांना नकोच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धुरी चालत आली आहे, तरी मला पटलं.

उणिवाही सांगते. रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर. अलार्म वाजला की ती धावायची, पण दोन बाळांचे एकदम वाजले तर काय करणार? व्यवस्थापनाने हे मनावर घ्यायलाच हवं. बाळंतिणीला रात्रभर प्लॅस्टिकची खुर्ची, हेही बरोबर नाही. खोकणारी मुलं बाहेर एकाच बाकावर बसवतात.

घरी सोडताना सिस्टरने सुनेकडून श्वास मोजून घेतले. बाळ शांत असताना मोजायचं. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा 50 किंवा जास्त आला, कण्हायला लागलं, नाकपुड्या फुलल्या, दूध सोडलं किंवा लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले झाले तर परत या. ओठ निळे दिसले तर क्षणभरही थांबू नका. जाणार असाल तर जन्माची फाइल आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. बाळ मुदतीआधी जन्मलं होतं का, हे तिथे आधी विचारतात, कारण अशा बाळांना हा आजार जड जातो.