‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेचा ब्लू-रे संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी मालिका मी शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिली, त्यामुळे तिचा नायक कॅप्टन कर्क याचा सदरा सोनेरी की हिरवा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. गेल्या वर्षी मूळ मालिकेच्या तिन्ही हंगामांचा, म्हणजे ७९ भागांचा ब्लू-रे संच घेतला आणि त्याच्या जोडीला ‘द रॉडनबेरी व्हॉल्ट’ ही २०१६ सालची पेटीही मागवली. आठवड्याला दोन-तीन भाग या गतीने बारा वर्षांच्या भाचीबरोबर सगळे पाहून झाले असून, काही भाग तर तिसऱ्यांदा चालू आहेत. कथा आणि अभिनय यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त मला या संचातून सर्वांत जास्त मिळालेल्या गोष्टीविषयी लिहितो. ती गोष्ट म्हणजे पडद्यावर राहून गेलेल्या चुका.

मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी ती सुरू झाली तेव्हा अमेरिकेतले प्रेक्षक ती ५२५ रेषांच्या छोट्या पडद्यावर पाहत होते. तेवढ्या पडद्यावर जे खपून जाईल ते चालेल, अशा हिशेबाने सेट रंगवले जात आणि फोमचे खडक कोरले जात. आता तीच फिल्म स्वच्छ करून १०८० रेषांत समोर येते, तेव्हा ज्यांनी कधी पाहिले जाणार नाही असे गृहीत धरले होते त्यांचे पितळ उघडे पडते. मात्र कामाचे गणित ठाऊक असले की हसताना थोडे ओशाळायला होते, कारण एका भागाचे चित्रीकरण साधारण सहा दिवसांत उरकावे लागे आणि तिसऱ्या हंगामात तर पैशालाही कात्री लागली होती.

संचातील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे रिमोटवरचे ‘अँगल’चे बटण. २००६ सालापासून मायकेल आणि डेनिस ओकुडा, डेव्हिड रॉसी आदींच्या देखरेखीखाली जुनी यान-ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने केली गेली. भाग चालू असतानाच हे बटण दाबून मूळ आणि नवे दृश्य आलटून पालटून पाहता येते. आमच्या प्लेअरच्या रिमोटवर ते बटण एका उपमेनूत दडलेले होते आणि ते सापडायला तीन संध्याकाळी गेल्या, पण सापडल्यावर मालिका पाहण्याची रीतच बदलली. ‘द डूम्सडे मशीन’मध्ये उद्ध्वस्त झालेले ‘कॉन्स्टेलेशन’ हे यान म्हणजे मूळ चित्रीकरणात दुकानात मिळणाऱ्या एएमटी कंपनीच्या खेळण्याच्या किटपासून केलेले मॉडेल होते, आणि त्यावरचा १०१७ हा क्रमांक कर्कच्या ‘एंटरप्राइज’ या यानाच्या १७०१ मधलेच आकडे फिरवून लावलेला होता. नव्या आवृत्तीत त्या जागी देखणे संगणकीय यान येते. ते चांगले आहे, पण मला मूळ मॉडेलच आवडते, कारण कुणीतरी ते टेबलावर ठेवून भाजले-कुरतडले असणार, हे त्याच्याकडे पाहताच कळते.

नव्या दृश्यांनी बहुतांशी आकाश बदलले असून सेटवर जे घडले ते जसेच्या तसे आहे. म्हणूनच खरा खजिना मूळचा तोच राहतो. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या दुसऱ्या पायलट, म्हणजे मालिकेआधी चाचणीसाठी केलेल्या, भागात कर्कसाठी उभ्या केलेल्या थडग्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असे कोरलेले आहे. पुढे सर्वत्र तो ‘जेम्स टी. कर्क’ आहे. ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’मध्ये लाझरस या पाहुण्या पात्राची दाढी दर दोन-तीन दृश्यांनी दाट-विरळ होते. ज्याला या भूमिकेसाठी घेतले होते तो जॉन ड्रू बॅरिमोर चित्रीकरणाला आलाच नाही आणि रॉबर्ट ब्राउनला ऐनवेळी उभे करावे लागले, हे कळल्यावर त्या दाढीतली घाई समजते. ‘द एनिमी विदिन’मध्ये कर्कच्या दुष्ट प्रतिरूपाच्या गालावरचे ओरखडे एका गालावरून दुसऱ्या गालावर जातात, कारण संकलनात काही शॉट उलटे फिरवून वापरले आहेत.

माझ्या शेजाऱ्यांच्या टीव्हीने लपवलेली गोष्ट ‘चार्ली एक्स’मध्ये सापडली. कर्क टर्बोलिफ्टमध्ये, म्हणजे यानातल्या लिफ्टमध्ये, एका सदऱ्यात शिरतो आणि दुसऱ्याच सदऱ्यात बाहेर पडतो. नेहमीच्या मखमलीसारख्या वेलूरच्या सदऱ्याचा खरा रंग हिरवट होता, पण स्टुडिओच्या दिव्यांखाली फिल्मवर तो सोनेरी उमटे. दुसऱ्या, अंगाभोवती गुंडाळल्यासारख्या सदऱ्याचे कापड वेगळे असल्याने तो हिरवाच दिसे. एकाच रंगाचे दोन कपडे फिल्मने वेगळे केले म्हणून ही चूक आज इतकी ठसठशीत दिसते, आणि कृष्णधवल टीव्हीवर मला ती कळणे शक्यच नव्हते. फिल्मच्या रंगांचा आणखी एक किस्सा पहिल्या पायलटच्या वेळचा आहे : अभिनेत्री मेजेल बॅरेटला हिरवा रंग फासून चाचणी घेतली, आणि प्रयोगशाळेतल्या मंडळींना ती चूक वाटल्यामुळे ते दर वेळी तिचा चेहरा ‘दुरुस्त’ करून माणसाच्या रंगाचा पाठवीत राहिले.

मारामारीच्या दृश्यांत तर लपवाछपवीला वावच उरत नाही. ‘स्पेस सीड’मध्ये इंजिन रूममधली कर्क आणि खलनायक खान यांची झटापट आम्ही फ्रेम थांबवत पाहिली. खानचे काम करणाऱ्या रिकार्डो मॉन्टलबानची चेहरेपट्टी इतकी ठळक आहे की त्याच्या जागी डुप्लिकेट आला की दोन सेकंदांत कळते, आणि कर्कच्या डुप्लिकेटचा चेहरा तर काही क्षण पूर्णपणे आपल्याकडे असतो. तो कर्क साकारणाऱ्या विल्यम शॅटनरचा नसतो. भाचीने पहिल्यांदा ‘हा कोण?’ म्हणून विचारले. आता ती ‘आला’ एवढेच म्हणते.

‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा १९६७ सालचा भाग मी सर्वाधिक वेळा पाहिला. कोठाराचे दार उघडल्यावर ट्रिबल्स नावाच्या केसाळ प्राण्यांचा ढिगारा कर्कच्या अंगावर कोसळतो, आणि सगळे पडून गेले तरी एखादा, मग आणखी एखादा, त्याच्या डोक्यावर येऊन आपटत राहतो. वर उभ्या असलेल्या कामगारांना पुरेसे टाकून झाले की नाही याचा अंदाज येत नव्हता, म्हणून ते टाकतच राहिले. विनोदाची ती उत्तम वेळ अशी विंगेतून आलेली आहे. याच भागात यानाचा अभियंता स्कॉटी याच्या हातात ट्रिबल्स असताना उजव्या हाताचे मधले बोट नसल्याचे दिसते. स्कॉटीचे काम करणारा जेम्स डूहान १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्यातून उतरला होता आणि ते बोट त्याने तिथे गमावले होते. मालिकेत तो हात सहसा कॅमेऱ्यापासून दूर राखलेला असतो, म्हणून त्या फ्रेमला मी चूक म्हणणार नाही.

आता फसलेल्या टेकविषयी. हंगाम संपला की सेटवरच्या मंडळींसाठी अशा तुकड्यांची एक रीळ जोडली जाई आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी सत्तरच्या दशकात ती चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवीत. यानाची सरकती दारे भिंतीमागचे कामगार दोरीने ओढीत असत; त्यांचा इशारा चुकला की अभिनेता झोकात चालत येऊन बंद दारावर नाक आपटतो. पहिल्यांदा पाहताना हसून पुरेवाट होते, तिसऱ्यांदा पाहिले जात नाही. ‘व्हॉल्ट’मध्ये रॉडनबेरींनी जपून ठेवलेले संकलनातले तुकडे आहेत आणि त्यांच्यासोबत बारा पूर्ण भाग आहेत. मात्र ते तुकडे माहितीपटांत विखुरलेले आहेत आणि मुलाखतींच्या मधूनच दिसतात. मला ते सलग, निवेदनाशिवाय हवे होते. मूळ मालिका ज्याच्याकडे आहे त्याने ही दुसरी पेटी सवलतीत मिळाली तरच घ्यावी.

विक्रेत्याने पेटी नुसत्या कागदात गुंडाळून पाठवल्यामुळे तिसऱ्या हंगामाची एक डिस्क सुटून तिच्यावर चरा आला होता. दोन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर ती बदलून मिळाली. बाकी छपाई, उपशीर्षके आणि मूळ मोनो आवाज यांत खोट काढण्यासारखे काही नाही.

आमचा प्लेअर आता कायम मूळ दृश्यांवर लावलेला असतो. फक्त ‘एरिना’ लागला की भाची रिमोट हातात घेते, कारण नव्या आवृत्तीत गॉर्न नावाच्या त्या रबरी सरड्याला डोळे मिचकावता येतात. तेवढ्यापुरते ती बटण दाबते आणि लगेच परत फिरवते.