ग्रूमिंगच्या जोडीला श्वान-प्रशिक्षण: लातूरमधील वर्षभराजवळचा अनुभव

लातूर शहरात आमचे पाळीव प्राण्यांच्या निगेचे केंद्र आहे. कुत्र्या-मांजरांची आंघोळ, केस कापणे, नखे काढणे ही रोजची कामे आणि मालक गावाला गेले की कुत्री ठेवून घेण्याची सोय, एवढाच आमचा व्याप होता. गेल्या दसऱ्यानंतर त्यात श्वान-प्रशिक्षणाची भर घातली. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग या सेवेसह पार पडल्यामुळे तिच्याविषयी आता काही ठामपणे लिहिता येते. निष्कर्ष आधीच सांगतो. प्रशिक्षणाच्या शुल्कातून मिळणारे उत्पन्न बेताचे आहे, आणि केवळ त्या रकमेवर डोळा ठेवून कोणी ही सेवा सुरू करणार असेल तर त्याने थांबलेले बरे. मात्र याच प्रशिक्षणामुळे आमच्या ग्रूमिंगच्या टेबलावरचे आणि बोर्डिंगच्या खोल्यांमधले काम इतके सुकर झाले आहे, की ती बंद करण्याचा विचारही आता मनात येत नाही.

मूळ कारण पाण्याचे होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. तशी वेळ दरवर्षी येत नसली, तरी मार्चनंतर बोअरचे पाणी खाली जाणे आणि टँकरचा खर्च वाढणे हे आमच्या धंद्याच्या हिशेबात गृहीतच धरलेले असते. ग्रूमिंगचा सारा कारभार पाण्यावर चालतो आणि केसाळ कुत्र्यांची गर्दी नेमकी उन्हाळ्यातच होते, म्हणजे पाणी महाग असते तेव्हाच ते सर्वांत जास्त लागते. पाणी न लागणारे, पण त्याच जागेत आणि त्याच ग्राहकांसाठी करता येईल असे काम आम्ही शोधत होतो. प्रशिक्षण त्या अटीत बसले.

प्रशिक्षक निवडताना बराच वेळ गेला, आणि तो जाणेच योग्य होते. कुत्र्यांना शिकवण्यासाठी आपल्याकडे कोणतीही सक्तीची पदवी नाही, त्यामुळे पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची पारख आपल्यालाच करावी लागते. भेटायला आलेल्यांपैकी काहींचा भर गळा आवळणाऱ्या साखळीवर आणि ‘आपण टोळीचे म्होरके आहोत हे कुत्र्याला कळले पाहिजे’ या सूत्रावर होता. या सूत्राचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांविषयी लिहिलेल्या निबंधात सापडतो. परस्परांशी नाते नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडल्यावर जे झगडतात, त्यावरून ही कल्पना रुजली. पुढे डेव्हिड मेक यांनी रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये दाखवून दिले, की नैसर्गिक टोळी म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. मेक यांनीच आधीच्या लेखनात ही म्होरक्याची कल्पना मांडली होती, त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीला अधिक वजन आहे. तरीही आपल्याकडचे अनेक जण अजून त्या कुंपणातच अडकलेले दिसतात. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित पद्धतच वापरावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि प्राण्याला मारहाण करणे हा आपल्या १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. आम्ही दोनच अटी घातल्या: साखळी-काठी चालणार नाही, आणि मालकाला कोणताही वर्ग केव्हाही पाहता आला पाहिजे. दुसरी अट ऐकून दोघे जण पुन्हा फिरकले नाहीत.

या अटींमागे भूतदया होतीच, पण रोखठोक हिशेबही होता. ज्या कुत्र्याला सकाळी आमच्या अंगणात गळ्याला हिसका बसतो, तेच कुत्रे संध्याकाळी आमच्या टेबलावर नखे कापायला येते. पहिल्या कामात बसलेली भीती दुसऱ्या कामात चाव्याच्या रूपाने वसूल होते.

प्रशिक्षणाचा खरा लाभ याच टेबलावर दिसला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नखे कापताना कुत्रे घाबरते त्याला सबळ कारण असते. नखाच्या आत रक्तवाहिनी असलेला जिवंत भाग असतो, काळ्या नखात तो बाहेरून दिसत नाही, आणि एकदा तो दुखावला की कुत्रे ते विसरत नाही. पूर्वी अशा कुत्र्याला दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने उरकायचे, अशीच रीत होती. आता प्रशिक्षक आधी क्लिकरचा (दाबल्यावर ‘टिक’ असा आवाज करणाऱ्या छोट्या साधनाचा) आवाज आणि खाऊ यांची सांगड घालून देतो. क्लिकरचे काम एवढेच, की कुत्र्याने हवी ती गोष्ट केली तो नेमका क्षण त्याला कळवणे. खाऊ हातातून पोचायला उशीर होतो, आणि एक-दोन सेकंदांचा उशीर झाला तरी बक्षीस नेमके कशाचे मिळाले हे कुत्र्याला उमगत नाही. मग नेलकटर नुसता दाखवायचा, पुढे पंजाला टेकवायचा, नंतर एकच नख कापून त्या दिवशी थांबायचे. याच्या जोडीला कुत्र्याला घडी केलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवून ठेवायला शिकवतात. हनुवटी टेकलेली असेपर्यंत काम चालू राहते, ती उचलली की आमचे हात थांबतात. नकार देण्याचा मार्ग मिळाला की बहुतेक कुत्र्यांना दात दाखवण्याची गरज उरत नाही, हे मला सुरुवातीला अतिशयोक्तीचे वाटले होते. आमच्याकडे नियमित येणारी एक वयस्क पामेरियन केस वाळवण्याचा ब्लोअर सुरू होताच टेबलावरून उडी मारायची. तिला आधी दूर कोपऱ्यात चालू असलेल्या ब्लोअरच्या आवाजात खाऊ दिला, आणि ती खायचे थांबली की अंतर पुन्हा वाढवले. काही आठवड्यांनी ती ब्लोअरच्या वाऱ्यात उभी राहू लागली. तिला वारा आवडतो असे मी म्हणणार नाही, पण आता ती तो सहन करते, आणि पूर्वी दोन माणसे गुंतत होती तिथे आता एकजण पुरतो.

मुसक्यांचेही तसेच. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते, त्यामुळे तोंड घट्ट बांधणारी कापडी मुसकी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धोक्याची ठरते. आम्ही जाळीची, तोंड उघडता येईल अशी मुसकी वापरतो आणि कुत्र्याने तिच्यात स्वतःहून तोंड घालावे इतकी सवय आधी करून घेतो.

पिल्लांच्या वर्गाबाबत मतभेद झाले. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला माणसे, आवाज आणि इतर कुत्री यांची ओळख करून देण्यासाठी सर्वांत मोलाचा असतो, तर लसींचे डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतात. ‘सगळ्या लसी झाल्याशिवाय घराबाहेर काढू नका’ हा सल्ला अक्षरशः पाळला, तर शिकण्याचा काळ घरातच संपून जातो. पण दुसरी बाजूही खोटी नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो आणि आमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांचा राबता आहे. आमच्या पशुवैद्यकांशी बोलून असा मार्ग काढला, की पहिल्या लसीला किमान एक आठवडा झालेली निरोगी पिल्लेच घ्यायची, वर्ग अंगणात न भरवता फरशीच्या खोलीत भरवायचा, आणि ती फरशी आधी धुऊन मग सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणाने पुसून घ्यायची. हा वर्ग सर्वांत कमी पैशांचा असला तरी मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण इथून बाहेर पडलेले पिल्लू मोठेपणी ग्रूमिंगला येते तेव्हा त्याला आमची जागा, आमचे हात आणि शांपूचा वास हे सगळे आधीपासूनच ओळखीचे असते.

याउलट, ज्या सेवेला सर्वाधिक मागणी आहे तिनेच सर्वाधिक निराशा केली. कुत्रे तीन आठवडे तुमच्याकडे ठेवतो, शिकवून परत द्या, अशी विचारणा जवळपास रोज होते. लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावात हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. इथे मुलांना बॅचला घालून निकालाची वाट पाहण्याची सवय घराघरांत आहे, आणि कुत्र्याबाबतही ‘रिझल्ट किती टक्के लागतो?’ असे मला गंभीरपणे विचारले गेले आहे. आमच्याकडे राहिलेली कुत्री आमच्याकडे उत्तम ऐकत होती, याविषयी तक्रार नाही. औसा रस्त्याकडच्या एका शेतावरचा जर्मन शेफर्ड आमच्या अंगणात खुणेसरशी बसायचा. शेतावर परतल्यावर मात्र गड्याने चार हाका मारल्या तरी ढुंकून पाहायचा नाही. शिकलेली गोष्ट जागेला आणि माणसाला चिकटून राहते, ती नव्या जागी, नव्या माणसासोबत पुन्हा बसवावी लागते. म्हणून आता निवासी प्रशिक्षण घेताना घरातल्या किमान दोघांनी आठवड्यातून एकदा येऊन सराव करणे आणि कुत्रे घरी गेल्यावर आमच्या प्रशिक्षकाने तिथे जाऊन वर्ग घेणे सक्तीचे केले आहे. या अटीमुळे निम्म्याहून अधिक चौकश्या तिथेच संपतात. उरतात त्या ग्राहकांकडून तक्रार येत नाही.

कारवान जातीच्या कुत्र्यांचा उल्लेख केल्याशिवाय आमच्या भागातला अनुभव पूर्ण होणार नाही. लांब पायांची, सडपातळ अंगाची ही कुत्री आमच्या जिल्ह्यात हौसेने पाळली जातात, आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान-प्रदर्शनाला होणारी गर्दी पाहिली की ही हौस किती खोल आहे हे कळते. ही नजरेने शिकार हेरून धावणारी जात आहे. लॅब्राडॉर बिस्किटाच्या तुकड्यासाठी जे करेल ते कारवान करेलच असे नाही, आणि समोरून ससा पळाला तर मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. आमच्या प्रशिक्षकाने त्यांच्यासाठी खाऊऐवजी दोरीला बांधलेल्या कापडामागे धावण्याचा खेळ हेच बक्षीस ठरवले, आणि हाकेसरशी परत येण्याचा सराव लांब दोरी लावूनच घेतला. सुधारणा झाली, तरीही मोकळ्या माळावर या कुत्र्याची दोरी सोडावी असे मी कोणालाही सांगणार नाही.

खाऊवर फार खर्च करू नये. आयात केलेल्या पाकिटांपेक्षा उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे अधिक कामाचे ठरतात, आणि शाकाहारी घरांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी पनीर चालते. द्राक्षे आणि मनुके मात्र कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. प्रसादाच्या वाटीतला मनुका लाडाने भरवणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. उड्या मारण्याचे अडथळे, बोगदे वगैरे साहित्य आम्ही घेतले आहे, पण ते बहुतांशी छायाचित्रांसाठीच वापरले जाते.

एप्रिल-मेमध्ये वेळापत्रक पूर्ण बदलते. पारा चाळिशीच्या वर जातो, डांबर त्याहूनही तापते, आणि हाताचा पंजा रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथून चालवू नये हा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. बाहेरचे वर्ग सूर्योदयालाच आटोपतात. चपट्या नाकाचे पग आणि थंड प्रदेशातले, दाट केसांचे हस्की यांना दुपारी कूलर असलेल्या खोलीतच, वासावरून खाऊ शोधण्यासारखे कमी धावपळीचे खेळ दिले जातात. हस्की लातुरात का पाळावा, हा प्रश्न मी ग्राहकांना विचारत नाही, पण मनात येतो.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचार सेवांना जीएसटीतून सूट आहे, ती प्रशिक्षणाला किंवा ग्रूमिंगला लागू होत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे जाणार असेल तर नोंदणीचा विचार आधीच करावा. प्रत्येक कुत्र्याचे रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र आणि पूर्वी कोणाला चावल्याची माहिती लेखी घ्यावी, कारण आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबतचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली येऊ शकतो. कर्मचाऱ्यांना रेबीजची पूर्वसंरक्षक लस देऊन ठेवणे हा खर्च नव्हे, गरज आहे. आणि ज्या कुत्र्याने माणसाला खोल चावे घेतले आहेत, ते आम्ही वर्गात घेत नाही. अचानक आक्रमक झालेल्या कुत्र्यामागे दुखणे असू शकते, म्हणून त्याला आधी तपासणीसाठी पाठवतो, गरज पडल्यास उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत.

उणीव एकच मोठी आहे: सगळा डोलारा एका प्रशिक्षकावर उभा आहे. तो आजारी पडला की वर्ग बंद पडतात, आणि उद्या त्याने स्वतःची पाटी लावली तर ग्राहकही त्याच्यासोबत जातील. म्हणून ग्रूमिंग करणाऱ्या दोघा मुलांना त्याच्या हाताखाली शिकवणे सुरू केले आहे, आणि ते शिकवण्याचा वेगळा मोबदला प्रशिक्षकाला देतो. यंदा गणपती उठले की फटाक्यांच्या आवाजाचा सराव सुरू करणार आहोत: अगदी कमी आवाजातले ध्वनिमुद्रण, सोबत खाऊ, आणि दिवाळीपर्यंत हळूहळू वाढणारा आवाज. त्या वर्गाचा बराचसा भाग ही दोन मुलेच घेतील.